आंघोळ करूनच निघायचं

३ मार्च

नोकरी लागली. प्रयोगशाळा बंद पडल्यापासून दादा-वहिनीच्या मागच्या खोलीत राहतेय. कोणी एका शब्दाने काही म्हटलेलं नाही, पण जेवताना दुसऱ्यांदा वाढून घ्यायला हात धजत नव्हता. आज घेतलं.

काम शहराबाहेरच्या एका बंद कारखान्यात आहे. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यातलं शिसं वितळवायचे. आता ती जागा विकायची आहे, म्हणून मातीत काय आणि किती खोल मुरलंय ते आम्ही तपासायचं. जागोजागी भोकं पाडायची, माती बाटल्यांत भरायची, तपासायला पाठवायची. माणसं मोजकीच. पथकाचे प्रमुख, त्यांना सगळे सर म्हणतात. भोकं पाडणारं यंत्र चालवणारा ड्रिलर, त्याच्या आवाजामुळे त्याचं नाव भोंगा. खणायला दोघे सख्खे भाऊ. आणि मी.

सरांनी नियम सांगितले. मास्क, पांढरा सूट, हातमोजे. आत खायचं-प्यायचं नाही. "आणि इथून आंघोळ करूनच निघायचं. कामाचे कपडे, बूट इथेच राहतील." त्यासाठी एक पत्र्याचा कंटेनर आहे. पुढे बाकडं, मागे एक नळ. सरांची नजर माझ्याकडे वळली आणि ते अडखळले. "तुमच्यासाठी... पडदा वगैरे लावून घेऊ काहीतरी."

मी म्हटलं, "कशाला सर? मी घरी जाऊनच करते आंघोळ."

सर सुटल्यासारखे हसले. मलाही हायसं वाटलं. पहिल्याच दिवशी बाईंसाठी वेगळं अमुक आणि वेगळं तमुक नको. आधीच्या नोकरीत माझं 'नाजूक बाई' असं नाव पडलं होतं. ते पुसायला मला फार वर्षं लागली.

११ मार्च

अंग मोडून आलंय, पण मजेत आहे. आज भट्टीच्या शेडमध्ये होतो. जमिनीवर राखाडी पीठ चाळून ठेवल्यासारखी धूळ. यंत्र आत जात नाही तिथे हाताने गिरमिट फिरवावं लागतं. बाटल्यांचं खोकं उचलायला थोरला भाऊ पुढे आला, मी त्याच्याआधी उचललं. भोंगा शेडच्या त्या टोकावरून ओरडला, "अरे, ही तर पैलवान आहे!" दिवसभर सगळे पैलवान, पैलवान. मी घरी येईपर्यंत गालातल्या गालात हसत होते.

दारात चिमी. दादाची पोरगी अजून दोन वर्षांचीही नाही, पण माझ्या गाडीचा आवाज ओळखते. पायाला मिठी मारते, मग मांडीवर चढून माझ्या जाकिटाची चेन तोंडात घालते. आज तिला बुटांच्या नाड्या सोडायच्या होत्या. एक नाडी सोडायला पाच मिनिटं लागली आणि मग स्वतःच टाळ्या वाजवल्या.

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, आधी हातपाय तरी धू."

"वहिनी, तिथून धुऊन-पुसूनच सोडतात आम्हाला," मी म्हटलं. हात तर धुतलेच होते. पांढरा सूटही तिथेच काढून टाकते. आंघोळ जेवणानंतर केली, सावकाश.

१९ मार्च

वहिनी म्हणाली, "तुझ्या पँटीतून किती माती निघते गं, टबाचं पाणी काळं झालं." मी म्हटलं, माझे कपडे मीच धुते. तर म्हणे, "राहू दे, दमून येतेस. सगळ्यांचे एकदमच होतात." चिमीची झबलीही त्यातच होती. फार चांगली आहे वहिनी. दिवसभर लोकांचं शिवणकाम करते, घर सांभाळते आणि वर माझी पँट धुते.

२६ मार्च

बढतीच म्हणायची. रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सुरक्षेबद्दल पाच मिनिटं बोलायचं असतं. सर पुटपुटतात, कोणाला काही ऐकू येत नाही. आज म्हणाले, "उद्यापासून तुम्ही बोला. तुम्ही शिकलेल्या आहात आणि तुमचं हे लोक ऐकतात."

३० मार्च

आजचं माझं बोलणं छान झालं. शिशाला वास नाही, चव नाही, ते दिसत नाही, ते नखात बसतं आणि केसांत बसतं, असं सांगितलं. "घरी नेऊ नका," म्हटलं. धाकट्या भावाने विचारलं, "केस कापून टाकू का मग?" भोंगा म्हणाला, "तुझे आहेत किती!" सगळे हसले. मीही.

६ एप्रिल

चिमी जेवत नाही. दोन घास खाते आणि तोंड फिरवते. संध्याकाळी किरकिर चालूच. मी वहिनीला म्हटलं, "मोबाइल दाखवून भरवतेस, मग पोर खाणार कसं? तिच्याकडे लक्ष दे जरा." दादानेही मान हलवली. वहिनी ताट उचलून आत गेली.

बोलले ते बरोबरच होतं. आवाज जरा जास्त चढला असेल.

१७ एप्रिल

उकाडा भयंकर. सूटमध्ये अंग उकडून निघतं. आम्ही सगळेच आता सूटची चेन कंबरेपर्यंत उघडी ठेवतो. सर बघतात आणि दुसरीकडे बघायला लागतात. मी सकाळी बोलताना चेनचा विषय गाळला. स्वतःच उघडी ठेवायची आणि दुसऱ्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

चिमीचं पोट दुखतं. शी होत नाही, कुंथून कुंथून रडते. डॉक्टरांनी पातळ औषध दिलंय. वहिनीने तिला मांडीवर आडवं धरून पाजलं, तेव्हा दोघीही रडत होत्या. मी दुसऱ्या खोलीत गेले. मला रडणं बघवत नाही.

२४ एप्रिल

आज सगळ्यांच्या रक्ताचे अहवाल आले. कामाला लागताना एकदा रक्त घेतलं होतं, गेल्या आठवड्यात पुन्हा घेतलं. मी आधीच्यापेक्षा चांगलंच वर गेलेय. चौघा पुरुषांहून जास्त.

रक्त घेणाऱ्या सिस्टरने मला एकटीला थांबवून घेतलं. वयस्कर, सावकाश बोलणारी बाई आहे. म्हणाली, "तुम्ही तिथे आंघोळ करून निघता ना?"

"हो."

"कपडे बदलून?"

"हो."

"घरी लहान मूल आहे कोणी? किंवा कोणी गरोदर?"

"नाही. मी एकटीच राहते."

हे माझ्या तोंडून बाहेर आलं. मी विचार करून बोलले नाही, असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. तिने 'लहान' शब्द उच्चारला तेव्हाच माझ्या डोळ्यांसमोर चिमी आली, तोंडात माझ्या जाकिटाची चेन. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की 'आहे' म्हटलं तर हे लोक मला इथून काढतील. दोन्ही एकदम वाटलं आणि मी दुसरं निवडलं.

२५ एप्रिल

बूट बाहेर ठेवले. घरात शिरल्या शिरल्या न्हाणीघरात गेले. चिमी दारावर थापा मारत होती, "आत्तू, आत्तू." मी नळ मोठा सोडला.

कपडे स्वतः धुतले, वेगळ्या बादलीत. वहिनी म्हणाली, "काय गं, शहाणी झालीस?" आणि खरंच खूश होऊन हसली. पाठीवरून हात फिरवला माझ्या. तो हात झटकून टाकावासा वाटला. मी होते त्याहून चांगली समजून कोणी कुरवाळत असेल, तर ते सहन होत नाही.

उद्या सांगते.

२८ एप्रिल

नाही सांगितलं. वाटलं, पोटदुखी काय, कुठल्याही पोराला होते. वाटलं, आता तर मी काळजी घेतेय. वाटलं, आपोआप उतरेल. रोज सकाळी मी चार माणसांसमोर उभी राहून हेच सांगते, की आपोआप काही होत नाही.

जाकीट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधून टाकून आले. खोली ओल्या फडक्याने पुसली. पलंगाखाली चिमीचा एक मोजा सापडला.

३० एप्रिल

अर्धंमुर्धं सांगितलं. म्हणजे काहीच सांगितलं नाही. वहिनीला म्हटलं, "चिमीचं रक्त तपासून घे. अशक्तपणा बघतील. आणि हल्ली शिसंही बघतात, तेही बघायला सांग." वहिनी म्हणाली, "बरं झालं तू आहेस. आम्हाला कुठे सुचतं हे."

४ मे

चिमीच्या रक्तात शिसं निघालं. असायला हवं त्याच्या कितीतरी वर. दवाखान्यात ठेवण्याइतकं नाही, पण डॉक्टर म्हणाले, आधी कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा. या वयात मेंदूवर परिणाम होतो, झालेला पुरता भरून येईलच असं नाही.

दादा-वहिनी दोघे गेले होते. मला कामावरून लवकर निघता आलं असतं. निघाले नाही.

घरी आल्यावर वहिनी सगळं सांगत होती. डॉक्टरांनी विचारलं, घरात कोणी शिशाशी संबंधित काम करतं का. "मी म्हटलं, माझी नणंद करते. पण ती तर तिथल्या लोकांना शिकवते. तिथून धुऊन-पुसूनच येते. तिच्याबद्दल प्रश्नच नाही." मग डॉक्टरांनी जुन्या रंगाबद्दल विचारलं. आपल्या खिडक्यांचा रंग जुना आहे, पोपडे निघालेत. दादा म्हणाला, "तेच असणार."

मी म्हटलं, "असेल."

वहिनीने माझी बाजू घेतली होती. डॉक्टरांसमोर. तिचा शब्द मी खाली पडू दिला असता तर तिची लाज गेली असती, असं मी मनाला समजावलं. मनाला काहीही समजावता येतं, असं दिसतंय.

५ मे

कामावरून आले तर दादा खिडकीला पॉलिश-पेपर घासतोय. खोलीभर पांढरी धूळ आणि चिमी खाली बसलेली. मी किंचाळले, "घासू नकोस! धूळ उडते, तिला बाहेर ने!" दादा दचकला. "तुला बरंच माहीत असतं गं," तो म्हणाला. कौतुकानेच म्हणाला.

नंतर त्याने घरमालकांना फोन केला. दादा कधी कोणाला टाकून बोलत नाही. आज बोलला. "तुमच्या खिडक्यांनी माझी पोरगी आजारी पडली," म्हणाला. पलीकडून काही आवाज येत नव्हता. मी शेजारीच उभी होते, हातात ओलं फडकं घेऊन.

६ मे

सगळं झालं. जमेल तसं लिहिते.

सकाळी घरमालक आजोबा आले. सत्तरीचे, एकटेच असतात, पलीकडच्या गल्लीत. एका हातात रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश आणि चेहरा कोणीतरी मारल्यासारखा. दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तरी येईनात.

"हा रंग मी आणि हिने मिळून दिला होता," ते म्हणाले. म्हणजे त्यांच्या बायकोने, ती गेली आता. "निळा तिनेच निवडला. त्यात काही असतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं हो. पोरीला माझ्यामुळे झालं असेल तर मी काय करू, तुम्हीच सांगा. आजच्या आज रंगवतो सगळं. माणूस लावतो, नाहीतर मीच रंगवतो."

दादा मान खाली घालून उभा. त्याचा राग कालच संपला होता. वहिनीने त्यांना पाणी दिलं. तर आजोबांनी चिमीकडे बघितलं आणि तिच्यापुढे हात जोडले. खरोखर हात जोडले, एवढ्याशा पोरीपुढे. तिला वाटलं खेळ आहे, तिनेही जोडले.

मी म्हटलं, "खिडक्यांमुळे नाही झालं. माझ्यामुळे झालंय."

कोणाला कळलंच नाही. दादा म्हणाला, "तू गप्प बस, तुझा काय संबंध?" मग मी सगळं सांगितलं. तिथे आंघोळ करत नव्हते. त्याच कपड्यांनी, त्याच बुटांनी घरी येत होते. तिला मांडीवर घेत होते. माझ्या रक्तात सगळ्यांहून जास्त निघालं. आणि सिस्टरने विचारलं तेव्हा घरी मूल नाही म्हणाले.

आजोबांनी डबा खाली ठेवला. मला वाटलं ते चिडतील, चिडायलाच हवं होतं. ते म्हणाले, "मी येतो मग," आणि गेले. डबा तिथेच राहिला.

दादा ओरडला. काय काय म्हणाला ते लिहीत नाही, एकही शब्द खोटा नव्हता. वहिनी ओरडली नाही. तिने विचारलं, "तुझं रक्त कधी आलं?"

"चोवीसला."

तिने चिमीला कडेवर उचलून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बादली वेगळी केलीस ती म्हणून. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला गं." तिचा आवाज अगदी साधा होता. "मी रोज स्वतःला विचारत होते, माझं काय चुकतंय. तू म्हणालीस लक्ष दे, म्हणून मी शिवणाची कामं परत केली. दिवसभर तिच्यामागे घास घेऊन फिरायचे. आणि तुला माहीत होतं."

"सुरुवातीला नव्हतं, वहिनी."

"सुरुवातीचं मी बोलतच नाहीये."

संध्याकाळी बॅग भरली. नोकरदार बायकांच्या वसतिगृहात एक खाट मिळाली. निघताना चिमीच्या जवळ गेले नाही.

९ मे

आधी सिस्टरकडे गेले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला खोटं बोललात त्याचं काही नाही. पण त्या पोरीचे मधले दिवस वाया गेले." बस्स. मी उठून आले.

मग सकाळचं बोलणं. मी उभी राहिले आणि तेच सांगितलं जे घरी सांगितलं होतं. कोणी हसलं नाही. सर बुटाच्या टोकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पडदा लावतो म्हणालो होतो मी. तुम्ही नको म्हणालात आणि मी आनंदाने विसरलो."

भोंगा उठून उभा राहिला. त्याचा आवाज मी पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "मीही नाही करत आंघोळ. पाणी गार असतं आणि माझी बस चुकते. डोकं ओलं करतो नुसतं, तुम्हाला वाटावं म्हणून." थांबला. "माझी सून सातव्या महिन्यात आहे."

त्याच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं. कोणी उचललं नाही. दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते. माझ्या मनात आलं, मी बोलत होते तेव्हा यांना खरंच ऐकू येत होतं का? की पैलवान बाई आंघोळ न करता जाते, हे सगळ्यांना दिसतच होतं, आणि जे दिसत होतं तेच त्यांनी ऐकलं?

सरांनी काम बंद ठेवलं. सगळ्यांच्या घरच्यांचं रक्त तपासणार.

२३ मे

भोंगाच्या सुनेचं ठीक आहे. थोडं आहे, पण काळजीचं नाही. तो मला सांगायला आला आणि सांगून उभाच राहिला. मला आता तो पैलवान म्हणत नाही, बाई म्हणतो. मी त्याच्या घरात काही नेलं नव्हतं, तरी त्याच्याकडे वर बघवत नाही.

काम पुन्हा सुरू झालं. मला काढतील वाटलं होतं, नाही काढलं. सरांना सांगितलं, सकाळचं बोलणं मला नको. ते आता भोंगा करतो. दोनच वाक्यं बोलतो, सूटची चेन गळ्यापर्यंत लावूनच.

६ जून

नवा कंटेनर आला. गरम पाण्याचा. मध्ये भिंत, एका बाजूला मळके कपडे, दुसऱ्या बाजूला स्वच्छ. त्याला लागून माझ्यासाठी वेगळी छोटी खोली, दार असलेली. दोघे भाऊ म्हणाले, बाईंमुळे आम्हालाही गरम पाणी मिळालं. त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं. मला ते कुठे ठेवावं कळेना.

घरमालक आजोबांकडे गेले होते. माफी मागितली. ते म्हणाले, "मी खिडक्या रंगवूनच घेतल्या. जुन्या झाल्याच होत्या." चहा विचारला. मी नको म्हटलं. नंतर वाटलं, घ्यायला हवा होता.

१० जुलै

दादाचा निरोप आला. चिमीची पुन्हा तपासणी झाली. उतरलंय, बरंच उतरलंय. नवे शब्द बोलायला लागलीय. डॉक्टर म्हणतात, शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवावं लागेल, आत्ता काहीच खात्रीने सांगता येत नाही. दादाने खाली लिहिलं होतं, ये म्हणून मी सांगू शकत नाही, ते तुझ्या वहिनीवर आहे.

बरोबर आहे. मी तो निरोप पुन्हा पुन्हा वाचला, खात्रीने सांगता येत नाही इथपर्यंतच.

१७ जुलै

आज वहिनी आली. कामावर. फाटकाशी कोणी बाई उभी आहे म्हणून धाकटा भाऊ सांगत आला आणि मी बाहेर गेले तर वहिनी. एकटी, खांद्याला शिवणाची पिशवी. मे महिन्यानंतर पहिल्यांदाच बघत होते तिला. दंड बारीक झालेत.

"बघायचंय मला," ती म्हणाली. "तू कुठे धुतेस ते."

मी सरांना विचारलं. कंटेनरपर्यंत यायला हरकत नव्हती. भोंगाने वाटेतून यंत्राची नळी बाजूला ओढली आणि टोपी काढून उभा राहिला. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही.

तिने सगळं बघितलं. मळक्या कपड्यांचं पिंप झाकण उघडून. बूट कुठे राहतात ते. स्वच्छ कपड्यांची खुंटी. नळ सोडून पाण्याखाली हात धरला, गरम यायची वाट बघितली आणि ते आल्यावर बंद केला. साबणाची वडीसुद्धा उचलून पाहिली, झिजलीय का ते. मी तिच्या मागे मागे चालत होते, शाळेतल्या मुलीसारखी.

मग ती माझ्या खोलीत गेली आणि दार लावून घ्यायला लागली. दार लागेना. हाताने आतली कड चाचपली, वर, खाली. मग बाहेर येऊन बाहेरची कडी बघितली.

"कडी बाहेरून आहे."

"हो."

"मग तू आत असताना?"

"सगळे गेले की जाते. आणि बादली भरून टेकवते दाराला."

"किती दिवस?"

"सहा आठवडे."

"सांगितलं नाहीस कोणाला?"

"त्यांनी एवढं केलं माझ्यासाठी, वहिनी. आता परत कुठे..."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मला सोसलं असतं. आपण इतके दिवस एका घरात राहिलो आणि हिला ओळखलंच नाही, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. मला खाली बघावं लागलं.

"अजून मागायची लाज वाटते तुला," ती म्हणाली. "एवढं सगळं झालं तरी."

तिने पिशवी खांद्यावर नीट घेतली. चिमीबद्दल मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. पायरी उतरून ती थोडी पुढे गेली आणि मग वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आतून कडी बसवून घे. आज. मी थांबते फाटकाशी."

सगळे ऐकत होते. सर, दोघे भाऊ, भोंगा. माझे कान तापले. मी भोंगाजवळ गेले आणि म्हटलं, "माझ्या दाराला आतून कडी हवी आहे."